केमिस्ट्रीतलं बाँडिंग, म्हणजे अ‍ॅटम एकमेकांना कसे जोडले जातात ते, सुरू करतोयस ना, मग हे आधी वाच

बघ, इंदूरला भंवरकुआंत कोचिंग लावलंस ते चांगलंच केलंस, पण तिथं स्पीड एवढी असते की 'बाहेरच्या शेलमध्ये आठ इलेक्ट्रॉन झाले की अ‍ॅटम स्टेबल' एवढंच डोक्यात राहतं आणि खरी गोष्ट सुटते. सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायची हौस नसते रे! तो काढायला मोलमागे ४९६ किलोजूल घालावे लागतात, क्लोरीन तो घेताना फक्त ३४९ परत देतो, म्हणजे हिशोब तोट्यातच, मग मीठ बनतं कसं? तर ते आयन, म्हणजे चार्ज आलेले अ‍ॅटम, एकमेकांना ओढून क्रिस्टलमध्ये बसतात तेव्हा साधारण ७८७ किलोजूल बाहेर पडतात, सगळा खेळ तिथं आहे. एनर्जी उतरली म्हणून स्टेबल, हे पक्कं धर.

कोव्हॅलंट बाँडमध्ये इलेक्ट्रॉनचं शेअरिंग, ते सोपंय. पाणी, अमोनिया, मिथेन वहीत स्वतः काढ, लोन पेअर (बाँडमध्ये न गेलेली इलेक्ट्रॉनची जोडी) विसरू नकोस, हायड्रोजनला दोनच पुरतात.

केमिस्ट लुईसनी १९१६ मध्ये हे आठचं गणित मांडलं खरं, पण त्याला अपवाद आहेत: बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनकडे सहाच असतात, सल्फर हेक्साफ्लोराइडमध्ये सल्फरभोवती बारा, आणि नायट्रिक ऑक्साइडमध्ये एकूण इलेक्ट्रॉनच विषम, दोघांचे आठ-आठ जमणार कसे? हे तिन्ही आजच करून टाक. अडलं की विचार, रात्री उशिरा पण चालेल.