नाशिकला शेवग्यावर येणारा मोठा काळा भुंगा म्हणजे बंबलबी (मधमाशीच्या कुळातली जाडजूड, केसाळ माशी) का?

नाही, तो सुतार भुंगा, वाळक्या लाकडात, बांबूत भोक पाडून राहतो, जवळून बघा, पोट चकचकीत काळं आणि पंख निळसर जांभळे दिसतील, बंबलबीच्या पोटावर मात्र दाट लव असते. भारतातल्या बंबलबीच्या ४० हून जास्त जाती हिमालयाच्या पट्ट्यातच आहेत कारण हा थंडीचा प्राणी आहे, गारठ्यात उडायचे स्नायू थरथरवून अंग ३० अंशांपर्यंत तापवतो, वर अंगावर लव, मग आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० ला टेकतो तेव्हा ती उष्णता बाहेर टाकणार कशी? अर्थात सगळ्याच जाती अशा नाहीत, ॲमेझॉनच्या दमट जंगलातही एक-दोन राहतात. आणि प्लीज तो भुंगा मारू नका, शेवग्याला फायद्याचा आहे.