रहीम मूळचे कुठले?

प्रश्न : मुलीने हिंदीच्या प्रकल्पात दोहे लिहिणाऱ्या रहीमना ‘मुघल’ म्हटलं. आमचे हैदराबादचे पाहुणे म्हणाले, ते बहारलू कुळातले तुर्कमान. गोवळकोंड्याचे कुतुबशाहही त्याच गोतातले. खरं काय?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, पाहुण्यांचं बरोबर आहे.

काराकोयुनलू, म्हणजे काळ्या मेंढ्यांवाले, हा तुर्की बोलणाऱ्या तुर्कमान टोळ्यांचा मोठा संघ होता; बहारलू त्यातलं मातब्बर कुळ. १४०६ मध्ये काराकोयुनलूंच्या कारा युसूफने तैमूरच्या नातवाला हरवलं आणि तब्रीझ राजधानी झाली. बहारलूंचा जोर इराणातल्या हमदानकडे. तो सगळा मुलूख त्यांच्या अली शकर बेगच्या नावाने ओळखला जाई.

१४६७ मध्ये मात्र शेजारच्या अककोयुनलूंच्या, म्हणजे पांढऱ्या मेंढ्यांवाल्यांच्या, उझून हसनने अचानक छापा घातला, काराकोयुनलूंचा सुलतान जहानशाह मारला गेला आणि काराकोयुनलूंची पांगापांग झाली. माझ्या मते या कुळाचं खरं वळण हेच. राज्य गेल्यावर जो तो मिळेल त्या धन्याकडे चाकरीला लागला. अली शकरचे वंशज बदख्शानकडे सरकत बाबराच्या घराण्याच्या पदरी आले. अकबराचा पालक बैरामखान त्यांच्यातलाच, आणि रहीम त्याचे चिरंजीव. इकडे हमदानचाच सुलतान कुली बहमनींच्या चाकरीत दख्खनला आला; त्याने गोवळकोंड्याची कुतुबशाही उभी केली.

आपल्या भागाशी संबंध पुढेच आहे. १५९६ च्या तहात चांदबिबीला वऱ्हाड मुघलांना द्यावं लागलं, तरी लढाई थांबली नाही. १५९७ मध्ये गोदावरीकाठी सोनपेठजवळ विजापूर, अहमदनगर आणि गोवळकोंडा यांच्या एकत्रित फौजा मुघलांना भिडल्या. मुघलांचे सेनापती होते रहीम! हमदानकडून निघालेल्या दोन घराण्यांची निशाणं मराठवाड्यात एकमेकांसमोर उभी राहिली. रहीम जिंकले. एका गोताचे म्हणून कुणी हात आखडता घेतला नाही. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यासाठी लढले.

तुर्की मात्र रहीमना येत होती. बाबराच्या तुर्की आठवणींचा फारसी तर्जुमा त्यांनीच केला आणि १५८९ मध्ये अकबराला सादर केला.

मुलीला एवढं लिहू द्या : वडील बहारलू तुर्कमान, आई मेवातची, जन्म १५५६ मध्ये लाहोरला, चाकरी मुघल दरबारात. आईचं घराणं वगळू नका, बहुतेक पुस्तकं तिथेच हात आखडतात. बहारलू नावाचे लोक इराणच्या फार्स प्रांतात आजही आहेत, हेही तिला जरूर सांगा.