फुलांवरच्या परजीवी माश्या : वाचकांचे प्रश्न

शेपू, बडीशेप, कोथिंबीर फुलावर आली की सोलापूरच्या गच्च्यांवरून एकाच तऱ्हेचे फोटो येऊ लागतात : परजीवी माश्यांचे, म्हणजे दुसऱ्या किडींवर किंवा त्यांच्या आत अंडी घालणाऱ्या, गांधीलमाशीच्या नात्यातल्या माश्यांचे. सोबतचा प्रश्नही ठरलेला : ही चावते का आणि काय फवारू? म्हणून ही उत्तरे एकत्र.

प्रश्न : शेपूच्या फुलावर बारीक कमरेची माशी बसते. मागे लांब काटा आहे. डंख मारेल का? (जुळे सोलापूर)

बहुधा नाही. ती अंडी घालायची नळी आहे आणि ती फक्त मादीला असते. तरी हाताने धरू नका, कारण रात्री दिव्यावर येणाऱ्या काही तांबूस जाती डंख मारतात. अंगावर गांधी उठल्या किंवा दम लागला तर हळद लावत न बसता थेट डॉक्टर गाठा.

प्रश्न : पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी फुलासमोर हवेत थांबते. हीच का परजीवी? (होटगी रोड)

नाही, ती सिरफिड माशी. पंख दोनच, मिशा आखूड. तिच्या बऱ्याच जातींच्या अळ्या मावा खातात.

प्रश्न : मोबाइलवरच्या ॲपने फोटोवरून जातीचे पूर्ण नाव दिले. ते धरून चालू का? (अक्कलकोट रोड)

नका धरू. ॲप चित्राशी चित्र जुळवते. या माश्यांची ओळख मात्र पंखांच्या शिरांत आणि मिशांच्या खंडांत असते. मिशा लांब, सरळ आणि सोळाहून जास्त खंडांच्या असतील तर इक्न्यूमोनिड किंवा ब्रॅकोनिड, ही परजीवी माश्यांची दोन कुळे. या दोघांत फरक करायला पुढच्या पंखाच्या मधल्या भागातल्या आडव्या शिरा बघाव्या लागतात. इक्न्यूमोनिडला अशा बहुधा दोन शिरा (परतशिरा) असतात, ब्रॅकोनिडला दुसरी सहसा नसते. पंखावर जवळजवळ शिराच नाहीत आणि मिशा कोपरात वाकल्यासारख्या आहेत, तर कॅल्सिड हा तिसरा गट. त्यातल्याच ब्रॅकिमेरिया नावाच्या माशीची मागची मांडी फुगीर असते, काळ्यावर पिवळे ठिपके. आता सांगा, एका धूसर फोटोत यातले काय दिसते?

फोटो सकाळी लवकर घ्या, गारव्यात माश्या सुस्त असतात. वरून, बाजूने आणि समोरून असे तीन तरी हवेत. एकात शेजारी मिलिमीटरची पट्टी धरा, एकात पंखाच्या शिरा स्पष्ट याव्यात. झाडाचे नाव, तारीख, वेळ आणि ठिकाण लिहा. मेलेली माशी मिळाली तर ७० टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत ठेवा. सॅनिटायझरची जेल चालत नाही. चिठ्ठी पेन्सिलने लिहून आतच टाका, शाई विरघळते. एवढे करूनही कित्येकदा कुळापर्यंतच पोहोचता येते. पुढचे काम सूक्ष्मदर्शकाचे. त्यासाठी नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागात दाखवा.

प्रश्न : लिंबाच्या पानावरच्या अळीला तांदळासारखे पांढरे दाणे चिकटलेत. अंडी समजून जाळू का? (बार्शी)

जाळू नका. ते कोष आहेत. परजीवीच्या अळ्या आत वाढून बाहेर पडल्या आणि त्यांनी ते विणले. ही अळी आता वाचत नाही. माशी बघायचीच असेल तर पान काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला मलमल बांधा. कोषाच्या टोकाचे झाकण उघडलेले असेल तर आतली केव्हाच गेली. कोष कोणाचे हे ठरवायला निघालेली माशी तज्ज्ञांना दाखवावी लागेल.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, दोन कुंड्यांत ट्रायकोकार्ड लावा, फुलांवर माश्या वाढतील. (सात रस्ता)

दुकानदाराचे कार्ड खपेल, एवढेच. ट्रायकोकार्ड म्हणजे ट्रायकोग्रामा ही परजीवी माशी आत वाढत असलेली किडीची अंडी चिकटवलेला कागद. ही माशी एक मिलिमीटरहूनही लहान असते आणि पतंगांच्या अंड्यांत वाढते. फुलावर ती तुम्हाला दिसायचीही नाही. उसासारख्या पिकात, किडीची अंडी असताना, कार्डाचा उपयोग आहे. तिथेही मुदत बघूनच घ्या. कार्डावरच्या काळ्या दाण्यांना, म्हणजे अंड्यांना, भोके दिसली तर माश्या उडून गेल्या, तुम्ही कागद विकत घेतला. कार्ड लावून दुसऱ्या दिवशी फवारायला औषध देणारेही आहेत, म्हणजे त्याच माश्या मारायला! किती आणि केव्हा लावायचे ते कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

प्रश्न : मोठी, काळी, केसाळ, पट्टेवाली माशी हिरवळीवर अगदी खालून घिरट्या घालते. (मोहोळ)

बहुधा स्कोलिड. हीही परजीवीच. मादी मातीत शिरून हुमणीवर, म्हणजे मुळे खाणाऱ्या पांढऱ्या अळीवर, अंडे घालते. उसाच्या भागात ती हवीच. डिवचू नका, ही डंख मारू शकते. सतत दिसत असेल तर खाली हुमणी आहे का ते कृषी अधिकाऱ्यांना दाखवा.

प्रश्न : गेल्या आठवड्यात कोथिंबिरीवर फवारले, माश्या मेल्या. आता फोटो पाठवू का? (विजापूर रोड)

आधी पाठवायचा होता. वाळून पंख गुंडाळले असतील तर ओळख अवघड. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती कोथिंबीर. फवारणी ते काढणी किती दिवस थांबायचे ते डब्याच्या लेबलवर बघा. कोथिंबिरीचे नावच त्यावर नसेल तर कृषी अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय ती स्वयंपाकात घेऊ नका.