पाकीट हलके, तरी तिकीट कमी का पडते?

टपालखर्चाविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांची उत्तरे या वेळी देत आहोत. एकाच स्वरूपाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहतो. संक्रांतीला ओळखीच्या मराठी कुटुंबांना शुभेच्छापत्रासोबत काटेरी हलव्याची लहानशी पुडी पाठवण्याची आमच्या घरची रीत आहे. यंदा प्रत्येक पाकीट स्वयंपाकघरातील काट्यावर तोलून पाहिले. एकाचेही वजन ४० ग्रॅमच्या पुढे गेले नाही, आणि सर्वांवर द्वितीय श्रेणीचे तिकीट लावले. तरीही अनेकांना ते टपाल पदरचे पैसे भरून सोडवून घ्यावे लागले. तिळगूळ आम्ही पाठवायचा आणि त्याचे पैसे त्यांनी भरायचे, हे फारच ओशाळवाणे वाटले. आमचे कोठे चुकले? — एक वाचक, लेस्टर

उत्तर : आपण वजन केलेत, पण जाडी मोजली नाहीत. ब्रिटनमध्ये २१ ऑगस्ट २००६ पासून साध्या पत्राचा दर केवळ वजनावर ठरत नाही. आधी त्याचा आकार पाहिला जातो आणि मग वजन. रॉयल मेल या तेथील टपालसेवेच्या हिशेबात ‘लेटर’ म्हणजे जास्तीत जास्त २४० मिलिमीटर लांब, १६५ मिलिमीटर रुंद, ५ मिलिमीटर जाड आणि १०० ग्रॅम वजनाचे पाकीट. यांपैकी एक जरी मर्यादा ओलांडली, तरी ते ‘लार्ज लेटर’ होते. त्याची चौकट ३५३ बाय २५० मिलिमीटर, जाडी २५ मिलिमीटर आणि वजन ७५० ग्रॅमपर्यंत आहे. त्यापलीकडचे सारे पार्सल. आपली पाकिटे लांबी, रुंदी आणि वजन या तिन्हींत निश्चितच बसली असणार, पण पुडीपाशी ती ५ मिलिमीटरच्या वर फुगली आणि तेवढ्यावरून त्यांचा वर्ग बदलला. एप्रिल २०२५ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे द्वितीय श्रेणीचे ‘लेटर’ ८७ पेन्सला जात होते आणि १०० ग्रॅमपर्यंतचे ‘लार्ज लेटर’ १ पौंड ५५ पेन्सला. म्हणजे प्रत्येक पाकिटावर ६८ पेन्स कमी पडले. ही तूट तेथे पत्र घेणाऱ्याकडून वसूल होते आणि तिच्यावर हाताळणीचे शुल्कही चढते. आपल्याकडच्या ‘बेअरिंग’ पत्राचाच हा प्रकार आहे.

हा नियम का आला, हे कळले म्हणजे तो लक्षात ठेवणे सोपे जाते. आकार, जाडी आणि लवचीकपणा ठरावीक असेल, तर पत्रे यंत्रातून झरझर वेगळी होतात आणि पोस्टमनच्या थैलीतही कमी जागा व्यापतात. फुगीर पाकीट यंत्रात अडकते, ते हाताने बाजूला काढावे लागते, आणि त्याचे वजन कितीही कमी असले तरी खात्याला ते महागच पडते. त्यामुळे आकारमानाचा खर्च ज्याचा त्याने सोसावा, असा हा विचार आहे. आम्हाला तो मुळात अन्यायाचा वाटत नाही. हा नियम येण्याआधी दराचा पहिला टप्पा ६० ग्रॅमचा होता, तो २००६ च्या बदलात १०० ग्रॅमपर्यंत वाढला. त्यामुळे लहान आकाराची पण वजनदार पत्रे पूर्वीपेक्षा स्वस्त झाली, हेही नोंदवायला हवे. फटका बसला तो मोठ्या, हलक्या आणि फुगीर पाकिटांना. जाता जाता सांगायचे तर, १८४० मध्ये टपालसुधारक रोलंड हिल यांच्या योजनेने ब्रिटिश टपालाचा दर वजनावर आणला, त्याआधी पत्रात कागद किती आणि ते किती दूर जाणार यावर आकारणी होत असे. पत्राचे मोल नेमके कशावर करायचे, हा वाद तेथे जुनाच आहे.

आता उपायाकडे वळू. एका जाड पुठ्ठ्यात १६५ मिलिमीटर लांब आणि बरोबर ५ मिलिमीटर उंच अशी फट कापून ठेवावी. भरून बंद केलेले पाकीट आडवे धरून त्या फटीतून सरकवावे आणि ते न दाबता, न ओढता आरपार जाते का ते पाहावे. टपाल कार्यालयातही अशाच फटीची पट्टी असते. बोटांनी दाबून ढकलावे लागले, तर ते पाकीट ‘लेटर’ नाही असेच समजावे. ही परीक्षा पाकीट बंद केल्यानंतरच घ्यावी, कारण भरताना सपाट दिसणारी पुडी पाकीट उचलताच एका कोपऱ्यात घरंगळते आणि नेमका तोच कोपरा फटीत अडतो.

हलव्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण अडचण तेथेच आहे. तिळावर चढवलेला, काटा चांगला फुललेला दाणा एकटाच ५ मिलिमीटरच्या आसपास जातो. त्यात शुभेच्छापत्राच्या दोन घड्या आणि पाकिटाचे कागद मिळवले की मर्यादा संपलीच. खसखशीवरचा बारीक हलवा मात्र बसू शकतो. तो कागदाच्या पुडीत न बांधता पातळ प्लास्टिकच्या चपट्या पिशवीत एकेरी थरात पसरावा, पिशवीतील हवा काढून टाकावी आणि दाणे एकीकडे गोळा होऊ नयेत म्हणून ती पिशवी शुभेच्छापत्राच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने चारही कडांनी चिकटवावी. चमचाभरापेक्षा अधिक हलवा घालण्याचा मोह टाळावा. याउपर मोठा दाणाच पाठवायचा असेल, तर सरळ ‘लार्ज लेटर’चे तिकीट लावावे. आमचे मत विचाराल, तर घरातील वडीलधाऱ्यांना तसा हलवा पाठवावा आणि इतरांना नुसते शुभेच्छापत्र पाठवून हळदीकुंकवाला भेटल्यावर हातावर तिळगूळ ठेवावा.

घरात ‘लार्ज लेटर’चे तिकीट नसेल, तर द्वितीय श्रेणीची दोन साधी तिकिटे लावूनही भागते, वर दिलेल्या दरांनी १९ पेन्स जास्त जातात, एवढेच. मात्र जुनी, बारकोड नसलेली नेहमीची तिकिटे लावू नयेत. ती ३१ जुलै २०२३ नंतर चालत नाहीत. रॉयल मेलकडे पाठवून बदलून घ्यावी लागतात.

प्रश्न : आमचे छोटे मंडळ ज्येष्ठ सभासदांना छापील वार्तापत्र टपालाने पाठवते. ए-४ आकाराचे कागद न दुमडता मोठ्या पाकिटात घालण्याची आमची पद्धत होती, पण आता तो खर्च झेपत नाही. कागद दुमडले, तर खरोखरच बचत होईल का? पाने कमी करावी लागतील का? — एका मंडळाच्या चिटणीस, लंडन

उत्तर : बचत नक्की होईल. ए-४ कागद न दुमडता मावतो ते सी-४ पाकीट ३२४ बाय २२९ मिलिमीटरचे असते, म्हणून आत एकच कागद असला तरी ते ‘लार्ज लेटर’ ठरते. तोच कागद मध्ये एकदा दुमडला की सी-५ पाकिटात जातो. हे पाकीट २२९ बाय १६२ मिलिमीटरचे, म्हणजे ‘लेटर’च्या चौकटीत जेमतेम पण पक्के बसणारे. वर दिलेल्या दरांनी शंभर पाकिटांमागे १५५ पौंडांऐवजी ८७ पौंड लागतील.

पानांचा हिशेब जरा काळजीपूर्वक करावा. ८० ग्रॅम प्रतिचौरसमीटर वजनाचा ए-४ कागद ५ ग्रॅमचा असतो आणि त्याची जाडी सुमारे एक दशांश मिलिमीटर भरते. १६ कागद घातले, तर ८० ग्रॅम झाले. पाकीट धरूनही वजन १०० ग्रॅमच्या आत राहते. एकदा दुमडल्यावर त्यांचे ३२ थर होतात, म्हणजे ३.२ मिलिमीटर, आणि घडी चांगली दाबली असेल तर तेही चालते. परंतु हेच १६ कागद तीन भागांत दुमडून लांबट डीएल पाकिटात घातले, तर ४८ थर होऊन जाडी ४.८ मिलिमीटरवर जाते, आणि पाकिटाचा कागद व घडीचा ताठरपणा जमेस धरला की ती ५ मिलिमीटर ओलांडतेच. पाकीट जितके लहान तितका टपालखर्च कमी, हा समज म्हणूनच फसवा आहे. वार्तापत्र सी-५ मध्येच पाठवावे.

पाने कमी करण्याआधी कागदाच्या दोन्ही बाजूंना छापता का, ते पाहावे. १६ पानांचा मजकूर ८ कागदांवर येतो आणि मग जाडीची चिंताच उरत नाही. कागद अडकवण्यासाठी क्लिप वापरू नये; घडीवर मधोमध दोन पिना माराव्यात आणि त्यांची टोके आतून सपाट करावीत.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलीच्या लग्नाच्या पत्रिका चौरस, जाड हातकागदाच्या छापून घेतल्या असून त्यांवर लाखेची मोहोर लावणार आहोत. पत्रिकेत हळदीकुंकू लावलेल्या अक्षताही घालायच्या आहेत. काही पत्रिका पुण्याला जातील. प्रत्येकी किती तिकीट लावावे? — एक वाचक, एडिसन

उत्तर : अमेरिकी टपालखात्याने आकारानुसार दर १४ मे २००७ पासून लागू केले. त्या दिवशी एक औंसाचे साधे पत्र ४१ सेंटला आणि तेवढ्याच वजनाचे मोठे पाकीट ८० सेंटला जाऊ लागले. तेथे पत्राची मर्यादा साडेअकरा इंच लांबी, सहा इंचांहून किंचित अधिक उंची आणि पाव इंच जाडी एवढी आहे. पण मर्यादेत बसूनही आपली पत्रिका अडेल, कारण लांबीला उंचीने भागल्यावर उत्तर १.३ ते २.५ च्या दरम्यान यावे लागते, आणि चौरस पाकिटाचे ते १ येते. यंत्राला अशा पाकिटाचे आडवे-उभे कळत नाही, म्हणून ते हाताने हाताळले जाते आणि त्यावर अधिभार पडतो. जुलै २०२५ च्या दरांनी एक औंसापर्यंत ७८ सेंट अधिक ४९ सेंट अधिभार, म्हणजे १ डॉलर २७ सेंट, आणि वरच्या प्रत्येक औंसाला आणखी २९ सेंट लागत होते. जाड हातकागदाची पत्रिका एका औंसात बसेल अशी आशा धरू नये. एक पूर्ण भरलेले पाकीट टपाल कार्यालयात नेऊन तोलून घ्यावे आणि मगच तिकिटांची खरेदी करावी.

पाकिटाबाहेर लावलेली लाखेची मोहोर, दोरा किंवा गुंडी यांमुळेही हाच अधिभार लागतो. मोहोर लावायचीच असेल, तर ती आतील पत्रिकेवर लावून त्यावर दुसरे साधे पाकीट चढवावे. पाकिटे अद्याप घेतली नसतील, तर सव्वापाच बाय सव्वासात इंचांचे ए-७ पाकीट घ्यावे. त्याचे प्रमाण १.३८ येते आणि निमंत्रणपत्रिकांसाठी ते सहज मिळते. चौरस पत्रिका त्यात थोडी सैल बसेल, पण शोभा जात नाही.

अक्षतांविषयी आमचा स्पष्ट सल्ला असा, की भारतात जाणाऱ्या पत्रिकांत त्या घालूच नयेत. अमेरिकेतून परदेशी जाणाऱ्या पत्रांत आणि मोठ्या पाकिटांत २०१८ पासून फक्त कागदपत्रेच पाठवता येतात. तांदूळ हा टपालखात्याला माल वाटतो, आणि मालाला सीमाशुल्काचा फॉर्म जोडावा लागतो. पुण्यातील नातेवाईक घरच्या अक्षता लावून पत्रिका देवापुढे ठेवतील. अमेरिकेतच वाटायच्या पत्रिकांत चार दाणे घालण्याने काही बिघडणार नाही, मात्र ते पत्रिकेच्या घडीत सुटे न टाकता कागदाच्या लहान चपट्या घडीत ठेवावेत. पत्रिकेच्या कोपऱ्याला लावलेले कुंकू वाळू द्यावे, एवढे केले तरी पुरे.

प्रश्न : मी पुण्याहून मुलाला ब्रिटनमध्ये दिवाळीचे शुभेच्छापत्र पाठवते. तेथील हा ५ मिलिमीटरचा नियम माझ्या पत्रालाही लागतो का? की आपल्याकडेही आता असे दर येणार? — एक वाचक, पुणे

उत्तर : दर नेहमी पत्र जेथून निघते त्या देशाचा लागतो, त्यामुळे आपल्या पत्राला भारतीय टपाल खात्याचेच तिकीट पुरते आणि मुलाला तेथे जाडीपोटी काही भरावे लागणार नाही. आपल्याकडे साध्या पत्राची आकारणी वजनावर होते. देशातल्या देशात दर २० ग्रॅमला ५ रुपये. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, तरी तेथेही वजन आणि अंतर हेच पाहिले जाते. परदेशी टपालात मात्र देशादेशांमधील आपापसातला हिशेब पाकिटाच्या आकारावरही होतो, आणि वस्तू असलेले पाकीट पत्र म्हणून स्वीकारले जात नाही. म्हणून शुभेच्छापत्रात फराळाची चीज किंवा भाऊबिजेची लहानशी भेट घालायची असेल, तर सीमाशुल्काचा फॉर्म भरून ती वेगळी पाठवावी आणि शुभेच्छापत्र साध्या पाकिटात स्वतंत्र टाकावे.