पुढे काय झालं ते विचारत जा

प्रिय डॉक्टर,

तुझा मेसेज कालच वाचला पण ड्युटीवर होते, आज निवांत लिहितेय. टीचिंग हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत सीट मिळाली याबद्दल आधी अभिनंदन. आणि तू जे विचारलंयस, की पेशंट बघायचे, ज्युनिअर्सना शिकवायचं आणि वर थिसिस, हे तिन्ही एकदम जमवायचं कसं, तर खरं सांगू का, पहिली दोन वर्षं मलाही ती तीन वेगळी कामं वाटायची आणि तिन्ही अर्धवटच राहायची. एका पेशंटमुळे डोळे उघडले. त्याचंच सांगते.

सकाळची ड्युटी, मी नाईटच्या रजिस्ट्रारकडून (रात्रपाळीच्या रेसिडेंट डॉक्टरकडून) ओव्हर घेत होते, म्हणजे कुठला पेशंट कसा आहे ते समजून ताब्यात घेत होते. डिपार्टमेंट खचाखच, निम्म्या ट्रॉल्यांवर ॲडमिशन ठरलेले पण वॉर्डात बेड नाही म्हणून रात्रभर अडकलेले लोक. एका ट्रॉलीवर साठीच्या पुढचे एक काका, डाव्या कुशीत सणकून दुखतंय, असा त्रास आधी कधीच झालेला नाही. नाईटवाला दमलेला, म्हणाला, "किडनी स्टोन आहे, पेनकिलर दिलंय, सीटी बाकी आहे," आणि आम्ही पुढच्या ट्रॉलीकडे. मी माझ्या कागदावर लिहिलं, स्टोन. पुढे प्रश्नचिन्हसुद्धा टाकलं नाही बघ. थोड्या वेळाने सिस्टर येऊन म्हणाल्या की बीपी जरा कमी येतंय, मी मान वर न करता म्हटलं इंजेक्शनमुळे असेल, सलाईन फास्ट करा. सोनो मशीन तिथून चार पावलांवर उभं होतं. काका सीटीच्या टेबलावर कोसळले. पोटातली महाधमनी, म्हणजे हृदयातून खाली येणारी मुख्य रक्तवाहिनी, फुगलेली होती आणि ती फुटली होती. सर्जन धावत आले, थिएटरला घेऊन गेले, मी पुढचा पेशंट घेतला, शिफ्ट संपली, घरी गेले.

आणि पुढे काय झालं ते मला कोणीच सांगितलं नाही. कोणाचा राग नव्हता, लपवालपवी नव्हती, सांगायची पद्धतच नव्हती. तिसऱ्या दिवशी न राहवून मीच फोन केला तेव्हा कळलं की ते त्याच रात्री गेले.

आता गंमत म्हण किंवा काहीही म्हण, साठीनंतर पहिल्यांदाच 'स्टोन'सारखं दुखायला लागलं तर आधी महाधमनी बघायची हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. पोटावर प्रोब ठेवायचा, मणक्याच्या पुढ्यात ती गोल काळी नळी शोधायची, रुंदी मोजायची, 3 सेंटिमीटर किंवा जास्त भरली तर फुगलेली. दोन मिनिटांचं काम. पण आयता शब्द हातात मिळाला की डोकं विचार करायचं थांबतं, आणि ओव्हरमध्ये आजार असाच हातोहात पुढे जातो, पहिल्याने अंदाज म्हणून म्हटलेलं तिसऱ्यापर्यंत निदान होऊन पोचतं. म्हणून ओव्हर घेताना एकच विचारत जा, "हे कशावरून?" समोरचा वैतागेल, वैतागू दे. आणि सिस्टर काही सांगायला आल्या तर मान वर कर, जाऊन बघ.

तर त्या दिवसापासून मी एक वही ठेवली. नाव नाही, फक्त केसपेपर नंबर, मला काय वाटलं होतं ते एका ओळीत, आणि समोरची जागा रिकामी. आठवड्यातून एकदा बसून ती रिकामी जागा भरायची, वॉर्डात फोन करून, रिपोर्ट बघून. इमर्जन्सीचा खरा शाप गर्दी नाहीये, गोष्टीचा शेवट आपल्याला कळतच नाही हा आहे. मग चुकलेलं सगळं आपल्याला बरोबरच वाटत राहतं आणि दहा वर्षांनी माणूस त्याच चुका जास्त आत्मविश्वासाने करतो (असे सीनिअर तुला भेटतील, नावं ठेवू नकोस, तूही तिथे पोचू शकतोस). शेवट शोधायला परत जाणं ही अकॅडमिक डिपार्टमेंटची नोकरी आहे असं माझं मत.

शिकवणं यातूनच येतं. मी त्या काकांची केस मॉर्टॅलिटी मीटिंगमध्ये (दगावलेल्या पेशंटच्या केसेसवर चर्चा होते तिथे) स्वतः मांडली, माझा तो 'स्टोन' लिहिलेला कागदसुद्धा दाखवला. हात थरथरत होते. पण नंतर दोन रेसिडेंट येऊन आपापल्या केसेस सांगून गेले, तोवर कोणी बोलत नव्हतं. शिफ्टमध्ये शिकवायला वेगळा तास मिळणार नाही, त्याची वाट बघू नकोस. इंटर्न केस सांगायला आला की आपलं मत आधी फेकायचं नाही, त्याला विचारायचं तुला काय वाटतं आणि का, आणि मग एकच गोष्ट शिकवायची, पाच नाही. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी 10 मिनिटांत निघून कोणीतरी बघितलेला हवा, हे त्याला माहीत असतं, पहिला नॉर्मल आला आणि दुखणं चालूच आहे तर थोड्या वेळाने परत काढायचा, हे मात्र ट्रॉलीपाशी उभं राहूनच मुरतं. ज्युनिअर पेशंटच्या श्वासनलिकेत ट्यूब टाकत असेल तेव्हा हात मागे बांधून उभं राहायला शिक, फार अवघड असतं, पण ऑक्सिजन सॅच्युरेशन मोठ्याने वाचायला एक माणूस ठरवून दे आणि कितीवर आलं की थांबायचं ते सुरू करायच्या आधी ठरव.

आणि थिसिस. विषय आकाशातून पाडू नकोस, वहीत असतो. घोटा मुरगळलेल्यांचे ढिगाने एक्सरे निघतात आणि बहुतेकांत फ्रॅक्चर नसतं, हे प्रत्येक कॅज्युल्टीवाल्याला दिसत होतं, कॅनडात ओटावाच्या लोकांनी ते मोजायला घेतलं आणि 1992 साली नियम छापला, घोट्याच्या हाडांवर मागच्या कडेने खालची 6 सेंटिमीटर दाबून बघ, चार पावलं चालता येतंय का बघ, दुखत नसेल आणि चालता येत असेल तर घोट्याचा एक्सरे नको. एवढंच. आज जगभर वापरतात. मला असल्या साध्या प्रश्नांचा फार हेवा वाटतो.

उलटंही होतं, तेही बघून ठेव. 2001 मध्ये अमेरिकेतल्या एका इमर्जन्सी डिपार्टमेंटने 263 सेप्सिस (इन्फेक्शनमुळे अवयव निकामी व्हायला लागतात तो आजार) पेशंटवर काम केलं, ठरलेल्या प्रोटोकॉलने पहिले सहा तास नेट लावून ट्रीटमेंट दिली तर मृत्यू साडेशेहेचाळीस टक्क्यांवरून साडेतीसवर आले. सगळीकडे ते प्रोटोकॉल लागले, आम्हीही त्यात सांगितल्याप्रमाणे गळ्यातल्या मोठ्या शिरेत लाईनी (नळ्या) टाकत सुटलो. मग 2014-15 मध्ये तीन मोठ्या ट्रायल आल्या आणि त्यात प्रोटोकॉलचा नेहमीच्या ट्रीटमेंटपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. लोक म्हणतात पहिला पेपर फुकट गेला, मला नाही पटत, मधल्या काळात नेहमीची ट्रीटमेंटच सुधारली होती, सेप्सिस लवकर ओळखायचा, अँटिबायोटिक लवकर द्यायचं, ही सवय लागण्यात त्या पेपरचा वाटा होताच. पण परत जाऊन तपासलं नसतं तर त्या लाईनी आपण आजही टाकत बसलो असतो.

संमतीचं मात्र कोणी नीट शिकवत नाही. रेससमध्ये (अत्यवस्थ पेशंटच्या खोलीत) बेशुद्ध पडलेला माणूस तुझ्या स्टडीला हो कसं म्हणणार आणि बाहेर रडणाऱ्या मुलीला तू बारा पानी फॉर्म कुठल्या तोंडाने देणार? एथिक्स कमिटीशी डेटा गोळा करायच्या आधी बोल, नंतर नाही. आणि नातेवाइकांशी बोलताना फॉर्म बाजूला ठेवून आधी पेशंट कसा आहे ते सांग.

बेड न मिळालेल्यांबद्दल एकच, ॲडमिशनचा कागद झाला म्हणजे तो माणूस आपला राहिला नाही असं होत नाही. राऊंडला त्यांनाही हात लावून बघ.

बाकी झोप, जेवण वगैरे सगळे सांगतीलच, मी स्वतः पाळत नाही म्हणून बोलत नाही.

सोमवारी पहिली नाईट ना? अर्धा तास आधी जा आणि सोनो मशीन कुठे आहे, चार्जिंगला लावलंय का ते बघून ये, नको त्या वेळी नेमकं बंद पडतं ते.

तुझी
मॅडम