पाण्याची चिप आणि दीडशे दिवस

प्रश्न: मोठ्या भावाने सांगितलं म्हणून १९९७ चा फॉलआउट हा कॉम्प्युटर गेम लावला, पण ग्राफिक्स जुने, मारामारी एकेक चाल करून, वर दिवसांची मर्यादा. सोडून सरळ नवीन भाग खेळू का? – एक वाचक, परळ

उत्तर: नको रे, एवढ्यात सोडू नकोस! दीडशे दिवसांची भीती सगळ्यांनाच वाटते, मलाही वाटलेली, पण तीच तर त्या गेमची जान आहे, व्हॉल्ट १३ या जमिनीखालच्या आसऱ्यातली पाणी शुद्ध करणारी चिप बिघडलीय, तेवढ्या दिवसांत नवी शोधून आणायची आणि आत आपली माणसं वाट बघतायत, पाणीकपात म्हणजे काय हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. आणि फारच टेन्शन आलं तर हब नावाच्या शहरात पाण्याचे व्यापारी भेटतात, पैसे दिले की ते व्हॉल्टला पाणी पाठवतात, शंभर दिवस वाढून मिळतात.

चिप शोधत व्हॉल्ट १५ या दुसऱ्या आसऱ्याला जाताना दोर न्यायला विसरू नकोस, लिफ्टच्या विहिरीत उतरायला लागतो, मी तसाच गेलो आणि हात हलवत परत आलो. इयान नावाच्या बंदूकवाल्या साथीदाराला सोबत घेतलास तर त्याच्या गोळ्यांच्या रेषेत उभा राहू नको, तुझ्याच पाठीत घालेल.

बोलण्याच्या स्किलवर मात्र पॉइंट टाकच, शेवटी भेटणाऱ्या मास्टर नावाच्या मुख्य खलनायकाला एकही गोळी न झाडता नुसतं बोलून हरवता येतं, त्याचा बेत फसणार याचा पुरावा मात्र हातात हवा. माझ्या मते असा शेवट आजही फार कमी गेम देतात. ग्राफिक्सची सवय दोन संध्याकाळीत होते.