क्लोरिनचा वास आणि झोंबणारे डोळे

प्रश्न : अलिबागजवळच्या आमच्या बंगल्यात ५० हजार लिटरचा पोहण्याचा तलाव आहे. पाहुणे येऊन गेले की क्लोरिनचा उग्र वास येतो, मुलांचे डोळे झोंबतात. राखणदार म्हणतो, क्लोरिन जास्त झालंय, चार दिवस टाकू नका. खरं का?

उत्तर : अजिबात नाही. मीही सुरुवातीला असंच बंद ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी पायऱ्या शेवाळाने बुळबुळीत! तो वास क्लोरामाइनचा, म्हणजे घाम आणि लघवीशी (हो, लघवीच) गाठ पडून निकामी झालेल्या क्लोरिनचा. तपासणीचे पिवळा रंग देणारे थेंब एकूण क्लोरिन (कामाचं आणि निकामी मिळून) दाखवतात, तिथेच फसगत होते. गुलाबी रंग देणारं डीपीडी तपासणी किट घ्या, ते मुक्त (अजून कामाचं) क्लोरिन वेगळं दाखवतं. समजा एकूण १.५ आणि मुक्त ०.५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आलं, तर फरक १, तेच निकामी क्लोरिन. शॉक, म्हणजे ते मोडायला एकदम टाकायचा मोठा डोस, त्याच्या दहापट, म्हणजे १० पीपीएम. तुमच्या तलावाला ६५ टक्क्यांची कॅल्शियम हायपोक्लोराइट पावडर सुमारे ७७० ग्रॅम लागेल.

आधी पीएच ७.२ ते ७.४ वर आणा. पावडर दिवेलागणीलाच टाका, उन्हात क्लोरिन टिकत नाही. प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी, मग पावडर. उलटं कधीच नको. आणि टीसीसीए (दुसऱ्या प्रकारच्या क्लोरिनच्या) गोळ्यांच्या डब्यातला चमचा या पावडरीत घालू नका, भडका उडू शकतो. पंप रात्रभर चालू ठेवा. सकाळी मोजा. मुक्त क्लोरिन ३ वर उतरेपर्यंत पोरं काठावरच. कुरकुरतील, कुरकुरू द्या.